चोर सोडून सगळे

मध्यमवर्गीय माणसाच्या घरात चोरानं नेण्यासारखं जितकं कमी, तितकी त्याच्या दाराला कुलपं जास्त. आमच्याच घराचं घ्या. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे एका रविवारी दुपारी मी घरातल्या जंगम मालमत्तेची यादी केली आणि प्रत्येक वस्तूपुढे घसारा वजा जाता आजची किंमत मांडली. टीव्ही एक, त्याला रिमोट दोन, पैकी चालू कोणता ते फक्त मुलीला ठाऊक. मिक्सर एक, भांडी तीन, झाकण एक. लग्नात आलेली भिंतीवरची घड्याळं सहा, पैकी वेळ दाखवणारं एक. दागिने बँकेत. बेरीज अशी आली की तीन जिने चढून येण्याची मजुरीसुद्धा चोराला सुटली नसती. तरीही आमच्या दाराला लॅच आहे, कडी आहे, साखळी आहे, आणि त्याच्या बाहेर लोखंडी जाळीचा दरवाजा असून त्याला पितळी कुलूप आहे. बाहेर जाताना मी कुलूप लावतो आणि ओढून बघतो. मग सौभाग्यवती ओढून बघते. खाली उतरल्यावर आई म्हणते, "कुलूप ओढून बघितलंस ना रे?" आणि मी पुन्हा वर जातो. आमच्या घरी चोर आला आणि कुलूप तुटलं, तर ते त्याच्या पहारीनं तुटलं की आमच्या ओढण्यानं, हे पंचनामा करणाऱ्या हवालदाराला सांगता यायचं नाही.

या विषयावर बोलायचा मला थोडासा अधिकार आहे. बावीस वर्षं बँकेत काढली. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघांपैकी एकाला एकट्यानं तिजोरी उघडता येत नाही. एकजण रजेवर निघाला की किल्ली दुसऱ्याच्या हाती देताना रजिस्टरमध्ये सह्या होतात, वेळ लिहिली जाते, आणि देणाऱ्याचा चेहरा मुलगी सासरी पाठवणाऱ्या बापासारखा होतो. बँकेत कुणावरच विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून तर आम्ही सगळे एकमेकांशी इतक्या गोडीनं वागू शकतो.

लॉकरचंही तेच. एक किल्ली गिऱ्हाइकाची, एक बँकेची. दोन्ही फिरल्या तरच दार उघडतं. २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेनं लॉकरचे नियम नव्यानं काढले, ते २०२२च्या जानेवारीपासून लागू झाले. त्यात असं आहे की चोरी झाली, आग लागली किंवा बँकेच्याच नोकरानं हात मारला, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट. म्हणजे भाडं ३,००० असेल तर ३ लाख. हा नियम एका बाईंना समजावून सांगितला, तेव्हा त्या क्षणभर विचार करून म्हणाल्या, "मग आमचं भाडं थोडं वाढवा की हो!" भाडं वाढवा म्हणणारं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

सांगायचा मुद्दा, सुरक्षितता हा मोठा धंदा आहे, आणि धंदा म्हटला की चढाओढ आली. पण कुलूपवाल्यांच्या चढाओढीची तऱ्हा निराळी. साबणवाला आपला साबण किती फेस देतो ते सांगतो. शेजारच्या साबणाचा फेस बसवून दाखवत नाही. कुलूपवाल्याला मात्र दुसऱ्याचं कुलूप उघडून दाखवावं लागतं.

लंडनमध्ये पिकॅडिलीला जोसेफ ब्रामा नावाच्या माणसाचं दुकान होतं. त्यानं आपलं एक कुलूप दुकानाच्या खिडकीत टांगलं आणि जाहीर केलं, हे जो उघडील त्याला २०० गिनी इनाम. हे १७९०च्या सुमाराचं. ब्रामा १८१४मध्ये वारला, पण कुलूप तसंच लटकत राहिलं. पुढे १८५१मध्ये हाइड पार्कात जगातलं ते प्रसिद्ध मोठं प्रदर्शन भरलं. त्याला अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला. आला तो आपल्या कंपनीची कुलपं विकायला, पण विक्रीची सुरुवात त्यानं दुसऱ्याच्या दारापासून केली. चब कंपनीचं एक नामांकित कुलूप होतं. त्याला चुकीच्या हत्यारानं कोणी डिवचलं की ते अडकून बसे आणि मालकाला कळे की आपल्यामागे कुणीतरी हात लावलेला आहे. (आमच्या आजीच्या लाडवांच्या डब्यात हीच सोय कसल्याही यंत्राशिवाय होती.) हॉब्जनं ते साक्षीदारांसमोर २५ मिनिटांत उघडलं. मग तो ब्रामाच्या खिडकीकडे वळला. त्या कुलपाला त्याला ५१ तास लागले, आणि ते १६ दिवसांत मिळून.

आता विचार करा. चोर १६ दिवस रोज तुमच्या दाराशी येऊन हत्यारं मांडून बसतोय! आमच्या सोसायटीत दुसऱ्या दिवशी त्याला कुणीतरी चहा दिला असता. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी सूचनाफलकावर लिहिलं असतं की दुपारी दोन ते चार ठोकाठोकीचं काम करू नये. दहाव्या दिवशी दोघातिघांनी त्याला विचारलं असतं, "आमच्याकडेपण एक लॅच अडकतंय, जाताजाता बघाल का?" पण इंग्रज माणूस शब्दाला जागला. २०० गिनी दिल्या गेल्या. हॉब्जनं मग लंडनमध्येच कुलपांचा कारखाना काढला. गिऱ्हाइकांची आधी झोप उडवायची आणि मग त्यांना उशी विकायची, ही या धंद्याची रीत तेव्हापासूनची.

आपल्याकडे हा धंदा नावारूपाला आणला तो आर्देशिर गोदरेज यांनी. गृहस्थ मूळचे वकील. झांझिबारला एका खटल्यात अशिलाच्या बाजूनं खोटं बोलायची वेळ आली, ते जमेना, म्हणून वकिली सोडली. मग शस्त्रक्रियेची हत्यारं बनवू लागले. त्यांच्यावर 'भारतात तयार झालेलं' असा शिक्का हवाच, हा त्यांचा हट्ट. गिऱ्हाइकाला तो नको. तोही धंदा बुडाला. मग १८९७मध्ये लालबागला कुलपं करायला घेतली. खोटं बोलता येत नाही म्हणून माणूस कुलपाच्या धंद्यात पडला, हे मला फार आवडतं. कारण कुलूप हीच बहुधा अशी एक वस्तू की जिच्याबद्दल खोटं बोललं तर ते चोर उघडकीला आणतो.

पण कुलूपवाल्याचं दुःख एकच, आणि ते वाणिज्य शाखेच्या माणसालाच कळेल. चांगलं कुलूप तीस वर्षं टिकतं. म्हणजे तीस वर्षं ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येत नाही. आमच्या आजोबांचं सात लिव्हरचं कुलूप अजून आमच्या गावच्या घराला आहे. घराला आता कौलं कमी आणि आभाळ जास्त, पण कुलूप ठणठणीत. यावर तोड काढली अमेरिकेनं. १८५३मध्ये बॉस्टनजवळच्या ऑगस्टस पोप यानं विजेवर वाजणाऱ्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. १८५७मध्ये ते एडविन होम्सनं विकत घेतलं आणि दोन वर्षांत बिऱ्हाड न्यूयॉर्कला हलवलं, चोरांची वस्ती तिकडे जास्त या हिशेबानं. ज्वारी तिथे जातं, तसं. त्यानं घराघरांतून तारा आपल्या कचेरीत आणल्या. पुढे १८७७मध्ये बॉस्टनला याच तारांवरून दिवसा टेलिफोन बोलायचा आणि रात्री चोर पकडायचा, अशी दुहेरी सोय त्यांनी केली. मालमत्ता एक आणि उत्पन्न दोन! आमच्या बॅलन्सशीटच्या प्राध्यापकांना हे ऐकून भरून आलं असतं.

१८७४मध्ये तारायंत्राच्या कंपन्या एकत्र होऊन ए.डी.टी. निघाली. घरात एक पेटी, तिची मूठ फिरवली की तारेवरून खूण जायची आणि कचेरीतून एक पोऱ्या पळत यायचा. सगळा धंदा शेवटी त्या पोऱ्याच्या पायांवर. पण खरी गंमत पोऱ्यात नाही, पावतीत आहे. ही मंडळी दरमहा पैसे घेऊ लागली. यंत्र स्वस्तात द्यायचं, प्रसंगी फुकट बसवायचं, आणि पाच-पाच वर्षांचा करार करून महिन्याच्या महिन्याला वसुली. इतकंच नव्हे, अशी हजारो गिऱ्हाइकं एका कंपनीनं दुसरीला ठोक भावानं विकायची. महिन्याला येणाऱ्या रकमेच्या अमुक इतके पट. म्हणजे आपण रात्री निर्धास्त झोपलेलो असतो आणि तिकडे आपली झोप एका खातेवहीतून दुसऱ्या खातेवहीत वर्ग झालेली असते.

मग दारोदार विक्रेते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजची पोरं कमिशनवर फिरवायची, ही तिकडची पद्धत. दारावर दुसऱ्या कंपनीची पाटी दिसली की म्हणायचं, "तुमचंच यंत्र नवं करून द्यायला आलोय." म्हातारी माणसं सही करून मोकळी होतात आणि पुढे दोन्ही कंपन्यांना पैसे भरत बसतात. याच तऱ्हेच्या तक्रारीवरून ए.डी.टी.नं व्हिव्हिंट कंपनीला २०१७ आणि २०२०मध्ये कोर्टात खेचलं होतं. चोरांपासून वाचवणाऱ्या दोन कंपन्या एकमेकींवर चोरीचा आळ घेत कोर्टात उभ्या, हे दृश्य चोरांनी सवडीनं पाहिलं असेल.

या घंटांचा एक उपद्रव असा की त्या चोर सोडून सगळ्यांना वाजतात. मांजराला वाजतात, वाऱ्याला वाजतात, पहाटे पाणी प्यायला उठलेल्या यजमानांना वाजतात. अमेरिकन पोलिसांकडे जाणाऱ्या अशा हाकांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक फुकट निघतात. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी २०००मध्ये कंटाळून सांगून टाकलं, कुणीतरी आधी डोळ्यांनी बघून या, मग आम्ही येतो. लांडगा आला रे आला ही गोष्ट त्या खात्यालाही पाठ असावी.

डोळ्यांनी बघायची सोय त्याआधीच एका बाईनं करून ठेवली होती. मारी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली परिचारिका. तिच्या कामाच्या वेळा वेड्यावाकड्या, नवऱ्याच्याही. वस्तीत गुन्हे फार, आणि पोलिस यायला उशीर. १९६६मध्ये तिनं आणि नवऱ्यानं मिळून दाराचं एक यंत्र कल्पिलं. दाराला वर-खाली चार भोकं, त्यांच्यामागे सरकणारा कॅमेरा, आत टीव्हीवर चित्र, बाहेरच्याशी बोलायला मायक्रोफोन, बसल्या जागी दार उघडायचं बटण आणि मदतीला हाक मारायचं बटण. १९६९मध्ये पेटंट मिळालं. आज जे 'स्मार्ट' म्हणून विकलं जातं, ते सगळं त्यात आलं. रात्रपाळीच्या बाईला घरी एकटीनं दार उघडायची भीती वाटते, एवढीशी गोष्ट. ती भीती तिच्या दाराशी होती, धंदा पुढे दुसऱ्यांचा झाला. २०१३मध्ये जेमी सिमिनॉफ नावाचा माणूस दारावरच्या घंटेत कॅमेरा घालून टीव्हीवरच्या भांडवलदारांपुढे गेला आणि रिकाम्या हातानं परतला. २०१८मध्ये त्याची 'रिंग' कंपनी अॅमेझॉननं विकत घेतली. असल्या खरेदीत सगळ्याच घंटा वाजत राहतात असं नाही. 'नेस्ट'नं २०१४मध्ये 'रिव्हॉल्व्ह' नावाची छोटी कंपनी घेतली. तिचं ३०० डॉलरचं यंत्र घरातले दिवे, कुलपं सांभाळायचं, आणि सेवा आजन्म, असा तिचा वायदा. २०१६च्या मे महिन्यात मालकानं दुरून बटण बंद केलं, आणि घरोघरची यंत्रं ठोकळे झाली. आजन्म म्हणजे कुणाच्या जन्मापर्यंत, हे करारात बघून घ्यावं.

हे सगळं मी हौसेनं वाचलेलं नाही. वाचायची वेळ आली ती २०२५च्या मे महिन्यात, आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत चार पितळी नळ आणि तळमजल्यावरची एक सायकल चोरीला गेली म्हणून. नळांची किंमत सोसायटीच्या पुस्तकात शून्य झालेली होती, पण भीतीला घसारा लागत नाही. तातडीची सभा झाली आणि कॅमेरे बसवायचे ठरलं. मी बँकेतला, म्हणून कोटेशनं तपासायचं काम माझ्याकडे.

तीन कोटेशनं, तीन विक्रेते. पहिला टाय लावून आला. त्यानं सांगितलं की २०२५च्या एप्रिलपासून सरकारनं कॅमेऱ्यांना तपासणीचं प्रमाणपत्र सक्तीचं केलंय, आमच्याकडे ते आहे, बाकीच्यांना विचारून बघा. दुसरा बिनटायचा. तो म्हणाला, आमचा माल नियमाच्या आधीचा आहे, म्हणूनच स्वस्त आहे. हे त्यानं इतक्या सात्त्विकपणे सांगितलं की दोन सभासदांना तो गुणच वाटला. तिसरा 'सर' म्हणायचा थांबेना. तिघांच्याही तोंडी तेच मंत्र: आठ कॅमेरे, बाहेर बुलेट, जिन्यात डोम, दोन मेगापिक्सेल, थ्री प्लस वन केबल, डी.व्ही.आर., हार्डडिस्क. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त तहसीलदारांनी विचारलं, "चोराचा चेहरा दिसेल ना?" पहिला म्हणाला, दिसेल. दुसरा म्हणाला, चोरानं वर बघितलं तर दिसेल. तिसरा म्हणाला, "सर, चेहराच बघायचा असेल तर चार मेगापिक्सेल घ्या सर."

मी एकच विचारलं, की परवलीचा शब्द कोण बदलणार? कारण २०१६च्या ऑक्टोबरात अमेरिकेत असाच प्रकार झाला होता. जगभरच्या लाखभर कॅमेऱ्यांचे आणि रेकॉर्डरांचे कारखान्यातले परवलीचे शब्द कुणी बदललेच नव्हते. 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमनं ते सगळे फितवले, आणि या राखणदारांच्या फौजेनं डिन नावाच्या कंपनीवर हल्ला चढवला. ट्विटर, नेटफ्लिक्स असली बडी दुकानं काही तास बसली. कुंपणानं नुसतं शेतच खाल्लं असं नाही, शेजारच्या गावावर धाड घातली. यावर तिसरा म्हणाला, "सर, आपल्या सोसायटीचं कोण काय नेणार सर?" मग कॅमेरे कशाला, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

पण खरी गोम पहिल्याच्या कोटेशनात शेवटच्या पानावर होती. रक्कम ६८,४०० रुपये, जीएसटीसकट. आणि खाली ठळक अक्षरांत: रात्रीच्या वॉचमनचा मासिक पगार ११,००० वाचल्यास सुमारे सव्वासहा महिन्यांत संपूर्ण खर्च वसूल.

आमचा वॉचमन म्हणजे मामा. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, पण ते खजिनदारांनाही बघून सांगावं लागतं. मूळ गाव संगमेश्वरकडचं. गेटाशी एक खुर्ची, एक काठी, एक विजेरी आणि भिंतीवर खिळ्यांची एक रांग. त्या खिळ्यांवर अकरा बिऱ्हाडांच्या जादा किल्ल्या. माझ्या बँकेत असली व्यवस्था कुणी केली, तर दुसऱ्या दिवशी निलंबन. इथे दोन किल्ल्या नाहीत, रजिस्टर नाही, सही नाही. अकरा घरांनी आपलं दार एका खिळ्याला टांगून ठेवलेलं, आणि चौदा वर्षांत एक चमचा हललेला नाही.

पहिल्याचं ते शेवटचं पान सोसायटीच्या ग्रुपवर फिरलं. सव्वासहा महिने या आकड्यानं लोक भारावले. हिशेब खरा होता. त्यात बेरजेची चूक नव्हती. मामांनी तो वाचला की नाही मला माहीत नाही, पण त्या आठवड्यात ते रात्री खुर्चीवर न बसता सारखे फेऱ्या मारताना दिसत.

सभा दोनदा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. मधल्या काळात, जुलै महिन्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या आप्पांचं ते झालं.

आप्पा पोस्टातून निवृत्त, घरात एकटे. मुलगा न्यू जर्सीला. त्यानं दोन वर्षांपूर्वी हॉलमध्ये कपाटावर एक कॅमेरा बसवून दिला होता. आप्पांचा क्रम ठरलेला: सकाळी साडेसात वाजता चहाचा कप आणि पेपर घेऊन हॉलमधल्या खुर्चीत. तिकडे तेव्हा रात्रीचे दहा. झोपण्यापूर्वी मुलगा फोनवर बापाला पेपर वाचताना बघायचा आणि झोपायचा. बोलणं नाही, काही नाही. आप्पांनाही ठाऊक होतं. पहिलं पान उलटताना ते एकदा कपाटाकडे बघत.

त्या दिवशी आठ वाजून गेले तरी खुर्ची रिकामी. मुलानं फोन लावला, तर आप्पांचा फोन त्याला चित्रात दिसला, टीपॉयवर, दिवा लागून थरथरताना. कॅमेऱ्यातून बोलता येतं, म्हणून त्यानं हाका मारल्या. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून ऐकल्या. त्यांना वाटलं, मुलगा आला वाटतं अमेरिकेहून.

मग त्यानं मामांना फोन केला.

मामांची पाळी सातला संपलेली, पण पंपाचं पाणी वर चढेपर्यंत ते थांबत. खिळ्यावरची किल्ली घेऊन ते दोन जिने चढले. आप्पा दाराला साखळी लावत नसत. कितीदा सांगितलं असेल आम्ही. ते म्हणत, साखळी लावली तर मामा आत कसे येणार? मामा आत गेले, न्हाणीघराचं दार खांद्यानं ढकललं. आप्पा खाली पडलेले. खुब्याचं हाड मोडलेलं, पण शुद्ध होती. मामांनी मला आणि समोरच्या मुलाला हाक मारली, हॉलमधलीच खुर्ची घेतली, आप्पांना तिच्यात बसवून आम्ही तिघांनी उचललं. हॉलमधून नेताना मामा थांबले, कपाटाकडे तोंड केलं आणि जरा मोठ्यानं म्हणाले, "दादा, शुद्धीत आहेत. नेतो आम्ही. तुम्ही झोपा आता."

कॅमेऱ्यातून बराच वेळ काही आलं नाही. मग "हो मामा" एवढं आलं.

तिसऱ्या सभेला गणपूर्ती झाली. कोटेशनं पुढे आली. सव्वासहा महिन्यांचा आकडा पहिल्या विक्रेत्यानं पुन्हा वाचून दाखवला. मी उठलो आणि म्हणालो, खात्याला दोन बाजू असतात, इथे एकच लिहिलीय. दुसऱ्या बाजूला लिहून घ्या: पहाटे पाचला पंप कोण सुरू करणार? विक्रेता म्हणाला, त्याला ऑटोमॅटिक कंट्रोलर येतो, ६,५०० रुपये. टाकीतलं पाणी संपल्यावर महापालिकेच्या माणसाशी कोण बोलणार? त्याला काही येत नव्हतं. जिन्यात दिवे? सेन्सर, प्रत्येकी ४५०. अकरा किल्ल्या? तो म्हणाला, स्मार्ट लॉक बसवा, बोटाच्या ठशावर उघडतं. यावर माझी आई, जी सभेला सहसा येत नाही, मागच्या बाकावरून म्हणाली, "अहो, रेशनच्या दुकानात माझा ठसा चार वेळा पुसून उमटत नाही. घरात कोण घेणार मग मला?" हा प्रश्न हसण्यावारी गेला, पण दुकानात असले अनुभव घेतलेल्या निदान सहा जणी तिथे बसल्या होत्या आणि त्या हसल्या नाहीत.

तहसीलदार म्हणाले, भावनेच्या आहारी जाऊ नये. बरोबरच होतं. मी म्हणालो, आप्पांच्या मुलाचा कॅमेरा किती रुपयांचा? तीन हजारांचा. त्यानं काम केलं की नाही? शंभर टक्के केलं. आप्पा खुर्चीत नाहीत हे त्यानं आठ हजार मैलांवर कळवलं. पण दोन जिने चढायला त्याला पाय नाहीत, ते कोणत्या कोटेशनात आहेत ते दाखवा. तिसरा विक्रेता म्हणाला, "सर, आमच्याकडे क्विक रिस्पॉन्स टीम आहे सर, दरमहा वेगळे पडतील सर." किती वेळात येते, विचारलं. तो म्हणाला, ट्रॅफिकवर आहे.

मतदान झालं. कॅमेरे बसवावेत, वॉचमनही ठेवावा: १७ विरुद्ध ९. त्या नऊजणांवर माझा राग नाही. मेंटेनन्स दरमहा दीडशे रुपयांनी वाढला, आणि दीडशे रुपये सगळ्यांना सारखे नसतात.

अपेक्षेप्रमाणे दुसऱ्याचं, बिनटायवाल्याचं काम मात्र गेलं आणि पहिल्यालाच मिळालं. आठ कॅमेरे बसले. त्यांचा टीव्ही मामांच्या केबिनमध्ये लावला. महिनाभरात त्यांत काय काय सापडलं म्हणता! 'ब' विंगचा कचरा 'अ' विंगच्या डब्यात कोण टाकतं ते सापडलं. गेटाचा खांब सेक्रेटरींच्याच स्कूटरनं वाकवला होता, ते सापडलं. पाचव्या मजल्यावरचे जोशीबुवा नव्हेत तर पहाटे पेपर वाचून घडी घालून परत ठेवणारे गृहस्थ दुसरेच, हे सापडलं आणि दोन घरांचं सहा वर्षांचं वैर मिटलं. नळ नेणारा काही परत आला नाही. बायका मात्र गॅलरीतून विचारू लागल्या, "मामा, घंटागाडी दिसतेय का हो टीव्हीत?" मामा खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याकडे बघत आणि सांगत, "नाही अजून."

ऑक्टोबरात मीटर-खोलीतला दिवा कुणीतरी काढून नेला. आता सापडतो म्हणून अर्धी सोसायटी केबिनमध्ये जमली. रेकॉर्डिंग मागे नेलं. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं, आणि पडदाभर एक प्रचंड, केसाळ, आठ पायांचा प्राणी. कॅमेऱ्याला रात्री दिसावं म्हणून त्याच्या तोंडाभोवती लाल उजेडाचे बारीक दिवे असतात. त्यांना किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि कोळी अगदी भिंगासमोर जाळं विणून बसतो. तीन मिनिटं कोळीच कोळी. मग तो बाजूला सरकला, तेव्हा दिवा गेलेला होता.

कंपनीला फोन केला. ते म्हणाले, जळमटं ए.एम.सी.त बसत नाहीत.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मामा बांबूच्या टोकाला कुंचा बांधून आठही कॅमेऱ्यांची तोंडं पुसतात. शेवटचा कॅमेरा जिन्याच्या वळणावर आहे, दुसऱ्या मजल्याच्या. आप्पा आता वॉकर घेऊन दारापर्यंत येतात आणि खालून सूचना देतात. "डावीकडे, मामा. अजून थोडं डावीकडे. हां."